साठवणीचा खर्च कोणी सोसायचा?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजना सुरू केल्यापासून छपरावरील वीज मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, हे मान्य केले पाहिजे. सरकारने गृहीत धरलेल्या दराने तीन किलोवॉटच्या संचाची किंमत १ लाख ४५ हजार रुपये होते. ७८ हजारांचे अनुदान वजा जाता उरतात ६७ हजार. मोशी-चिखलीच्या शिक्षकाला एवढी रक्कम जमवता येईल.

परंतु हा हिशेब सूर्य मावळेपर्यंतचाच आहे. शिवाय जाळ्याला जोडलेला साधा संच वीज जाताच आपणहून बंद होतो. तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच असते. यावर उपाय बॅटरीचा. मात्र या योजनेत बॅटरीला अनुदान नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर संचावरील कर पाच टक्क्यांवर आला, तरी बॅटरीवर तो अठरा टक्के आहे. त्यातच सौरपट पंचवीस वर्षे टिकतात, बॅटरी मात्र साधारण दहा वर्षांत बदलावी लागते.

भोसरी वा चाकणच्या भाड्याच्या शेडमधील लघुउद्योजकाची अडचण याहून बिकट आहे. छप्पर मालकाचे, अनुदान फक्त घरांना, आणि वीज क्षणभर गेली तरी यंत्रावरील अर्धवट काम भंगारात. त्याची 'साठवण' म्हणजे डिझेलचे जनित्र! बॅटऱ्या अजून स्वस्त होतील, थोडे थांबा, हा सल्ला घरमालकाला ठीक आहे, त्याला नव्हे.

येथे २००६ चे स्मरण उपयोगी पडेल. त्या वर्षी पुणे परिसरातील कारखान्यांनी आपली जनित्रे चालवून शहरासाठी वीज मोकळी केली, भारनियमन टळले आणि वाढीव खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांवर स्वतंत्र आकार म्हणून वाटला गेला. तेच तत्त्व साठवणीला का लावू नये? घरोघरी बॅटरी ठेवण्यापेक्षा महावितरणच्या उपकेंद्रातच ती बसवणे किफायतशीर ठरेल. नेट मीटरिंगवाला ग्राहक आजही जाळ्यालाच आपली कोठी मानतो. छप्पर नसलेल्या कारकुनावर त्या कोठीचे भाडे पडणे न्याय्य नव्हे. म्हणून आकार ठरवताना मोठ्या छपराने अधिक द्यावे. पहिला प्रयोग चाकणच्या एखाद्या उपकेंद्रावर व्हावा, आणि त्याचा जमाखर्च वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणीत मांडला जावा.