हीट पंप गिझर आणि नाशिकची थंडी

मंडळाचा कार्यक्रम संपून चहा सुरू झाला की गावाकडे बांधायला काढलेल्या घराचा विषय हटकून निघतो. अलीकडे त्यात हीट पंप गिझरची भर पडली आहे. "दुबईत ठीक आहे हो, पण नाशिकच्या थंडीत तो काय चालणार?" असे म्हणून पुष्कळजण तो यादीतून खोडतात. माझ्या मते ही घाई होते.

साधा गिझर १ युनिट विजेतून १ युनिट उष्णता देतो. हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसरला. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला साध्या गिझरला साडेतीन युनिटे लागतात, हीट पंपाचे सव्वा युनिटाच्या आसपास भागते.

आता थंडी. या यंत्रांत वापरला जाणारा आर-१३४ए वायू साध्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो. त्याला ५ अंशांची हवाही ऊबदारच! गारठा वाढला की उष्णता कमी मिळते, जाळीवर बर्फ धरते, हे खरे. तरी नॉर्वे-स्वीडनमध्ये घरोघरी हीट पंप चालतात. आपल्या निफाडला पहाटे पारा कधीकधी ५ अंशांखाली जातो, पण दुपारी तिथेच पंचविशीच्या आसपास असतो. मग यंत्र पहाटे ४ ला लावायचे कशाला? दुपारी लावावे, चांगल्या टाकीत पाणी सकाळपर्यंत गरम राहते. (इथे उन्हाळ्यात आपण गिझर बंद ठेवून त्यातलेच पाणी गार म्हणून वापरतो, तसाच हा प्रकार.)

खरी अडचण जागेची आणि पैशांची. पाणी हळू तापते, म्हणून टाकी मोठी हवी. चौघांना १५० ते २०० लिटर. बंद माळ्यावर ठेवला तर आपणच गार केलेली हवा पुन्हा ओढत बसतो. आवाज करतो, तेव्हा आईवडिलांच्या निजायच्या खोलीला लागून नको. किंमतही साध्या गिझरच्या कितीतरी पट. गच्चीवर भरपूर ऊन असेल तर आधी सोलरचा विचार करावा. आणि जे घर वर्षाला महिनाभरच उघडते, तिथे साधा गिझर पुरे. बाराही महिने माणसे राहणार असतील तर मात्र हीट पंप जरूर घ्यावा, आणि तो बसवायचा कुठे हे भिंतीत पाइप जाण्याआधीच प्लंबरला सांगावे.