ऑर्कांची कुळकथा आणि समीक्षेची पळवाट

जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ऑर्कांविषयी जी समीक्षा प्रचलित आहे, तिच्यातील परस्परविरोधी अशा दोन पक्षांचे एका बाबतीत पूर्ण एकमत आहे: ऑर्काचे बोलणे दोघांनाही ऐकायचे नाही. पहिला पक्ष भाविकांचा. ऑर्क हे दुष्टतेचे प्रतीक आहे, प्रतीकाला वेदना नसते, सबब त्याच्या कत्तलीविषयी नैतिक प्रश्न उपस्थित करणे म्हणजे अद्भुतकथेचा संकेतच न कळणे होय, असे हा पक्ष मानतो. दुसरा पक्ष वसाहतोत्तर म्हणवणाऱ्यांचा. ऑर्क म्हणजे वसाहतवाद्यांनी कल्पिलेला 'इतर', एवढे समीकरण मांडले की त्याचे काम संपते. या ओढाताणीत संहिता मात्र अवाचितच राहते.

भाविकांची सारी भिस्त ऑर्कांच्या उत्पत्तिकथेवर आहे. पण ही कथा एक नाही. १९१६-१७ च्या सुमाराच्या आरंभीच्या लेखनात मेल्कोर ऑर्कांना भूगर्भातील उष्णतेतून आणि चिखलातून घडवतो. पुढे टोल्कीन यांच्या कॅथलिक निष्ठेला हे मानवेना. निर्मिती ईश्वराची, दुष्टाला केवळ विटंबना करता येते, ही भूमिका 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) फ्रोडोच्या तोंडी येते. मग ऑर्क हे पकडून, छळून भ्रष्ट केलेले एल्फ ठरतात. ख्रिस्टोफर टोल्कीन यांनी १९७७ मध्ये संपादित केलेल्या 'द सिल्मरिलियन'मध्ये हीच कथा आहे. ऑर्कांची प्रजा इतर सजीव वंशांप्रमाणेच वाढते, हेही तेथे नोंदवले आहे. १९९३ मध्ये 'मॉर्गॉथ्स रिंग'मधून उत्तरकालीन टिपणे प्रकाशात आली, तेव्हा हीही कथा लेखकाला पटेनाशी झाली होती, हे उघड झाले. कधी ऑर्क पशूंपासून, कधी माणसांपासून; पण माणसे जागी होण्यापूर्वीच ऑर्क अस्तित्वात असल्याने कालगणनाच बदलण्याची पाळी येते.

या टिपणांपैकी एक विशेष बोलके आहे. ऑर्क जर पशू असतील, तर ते बोलतात कसे? टोल्कीन उत्तर सुचवतात: मेल्कोरने त्यांच्यात भरून ठेवलेल्या तबकड्या वाजतात, इतकेच, त्यांची बंडखोरीची भाषासुद्धा त्याने आधीच गृहीत धरलेली आहे. हा खुलासा करण्याची गरज लेखकाला भासली, यातच भाविकांच्या युक्तिवादाचा निकाल लागतो. प्रतीकाच्या बोलण्याचा खुलासा कोणी करत बसत नाही. १९५४ च्या एका पत्रात तर टोल्कीन ऑर्कांना भ्रष्ट झालेले, तरीही विवेकशक्ती असलेले देहधारी जीव म्हणतात.

कादंबरीतले ऑर्क तबकडीसारखे बोलतही नाहीत. 'द टू टॉवर्स'च्या अखेरीस शॅग्रॅट आणि गॉरबॅग हे दोन नायक भेटतात. वरिष्ठांविषयी त्यांच्या तक्रारी आहेत, नाझगूलचे भय आहे, आणि युद्ध संपल्यावर थोडे विश्वासू सोबती घेऊन, डोक्यावर कोणी मोठा धनी नसलेल्या ठिकाणी, लूट हाताशी ठेवून राहावे, असे एक स्वप्नही आहे. जखमी सोबत्याला मागे टाकून जाणे हा गॉरबॅगच्या लेखी एल्फांना शोभणारा नीचपणा आहे. पण जाळ्यात जिवंत लटकलेल्या उफ्थाकला आपल्याच लोकांनी हसत हसत तसेच सोडल्याची आठवण शॅग्रॅट लगेच मजेत सांगतो. टॉम शिपी यांनी या प्रसंगाकडे लक्ष वेधले आहे: ऑर्कांपाशी नीतीची परिभाषा आहे, ती स्वतःला लावण्याची क्षमता तेवढी नाही. मात्र ही उणीव केवळ ऑर्कांची म्हणता येणार नाही. ती मानवी इतिहासाच्या अगदी परिचयाची आहे.

मग या जिवांच्या वाट्याला संहिता काय देते? इथिलियनमध्ये पडलेल्या दाक्षिणात्य सैनिकाचे प्रेत पाहून सॅमच्या मनात येते की हा मुळात दुष्ट होता की फसवून, धमकावून येथवर आणलेला होता. एकाही ऑर्काच्या प्रेतापाशी असा विचार कोणी करत नाही. हेल्म्स डीपच्या लढाईनंतर डनलंडच्या शरण आलेल्या माणसांना जीवदान मिळते. ऑर्क मात्र वृक्षांच्या अंधारात शिरतात, आणि तेथून कोणीही परतत नाही. शरण येऊन दया मागणाऱ्या ऑर्काला, नुकसान सोसूनही, दया दाखवलीच पाहिजे, असा दंडक टोल्कीन यांनी नंतरच्या टिपणात घालून दिला खरा. कादंबरीत तो पाळण्याची वेळ कोणावर येतच नाही. 'द हॉबिट'मध्ये (१९३७) एका चिमुकल्या गॉब्लिनाचा उल्लेख येतो, तोही गोलमने पकडलेली शिकार म्हणून.

दुसऱ्या पक्षाला हे सारे आपलेच समर्थन वाटेल. त्याच्या हाती भक्कम पुरावा आहे, हे नाकारता येत नाही: १९५८ च्या पत्रात टोल्कीन यांनी ऑर्कांचे वर्णन करताना मंगोल चेहऱ्यामोहऱ्याचा, तोही युरोपीय नजरेतून, आधार घेतला आहे. हा वंशवादी दृष्टीचाच अंश आहे. परंतु या पुराव्यावरून महात्मा फुले यांची पद्धत जशीच्या तशी उचलून ऑर्कांना लावणे ही वैचारिक उधारी होय. 'गुलामगिरी'मध्ये (१८७३) फुल्यांनी दैत्यांना मूळ रहिवाशांचे राजे म्हटले, कारण त्या कथांच्या बळावर हयात माणसांचे दास्य टिकवले जात होते. बळीचे राज्य परत यावे, असे मागणारा समाज मिथकाबाहेर उभा होता. ऑर्कांमागे असा समाज नाही. 'ऑर्क म्हणजे दलित' असे लिहिणाऱ्या प्रबंधात ऑर्काला काही मिळत नाही, आणि दलितांना मात्र कोणा परक्या लेखकाने चितारलेला भेसूर चेहरा आयता मिळतो.

पीटर जॅक्सन यांच्या २००१ च्या चित्रपटात उरुक-हाय थेट चिखलातून उपसून काढलेले दिसतात. लेखकाने ज्या उपपत्तीपासून सुटका करून घेतली, तीच पडद्यावर परतली. चिखलाला आई नसते, त्यामुळे प्रेक्षकालाही प्रश्न उरत नाही. समीक्षेने तरी ही सोय स्वीकारू नये. एखाद्याचे कूळ शोधायचे ते त्याला मारता यावे म्हणून, ही रीत साहित्याबाहेरही फार जुनी आहे. टोल्कीन यांना आयुष्यभर समाधानकारक कुळकथा सापडली नाही, याला त्यांचे अपयश समजण्याचे कारण नाही. शॅग्रॅट आणि गॉरबॅग यांना एकदा बोलू दिल्यावर ती सापडणे शक्यच नव्हते. या संहितेच्या अभ्यासाला आरंभ करायचा, तर तो त्या संभाषणापासून करावा लागेल.