कॅच कॅन लावला म्हणजे झालं?

टर्बो पेट्रोल गाडीच्या इंजिनावर तेलाचे ओघळ दिसायला लागले, किंवा डिपस्टिक आपोआप वर सरकलेली सापडली, की सल्ला देणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, "टर्बो गेला, बदलून टाका." दुसरा म्हणतो, "कॅच कॅन लाव, सुटशील." पहिल्या सल्ल्याने खिसा रिकामा होतो, दुसऱ्याने मनाची समजूत निघते. मूळ दुखणं मात्र दोन्हींत तसंच राहू शकतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की क्रँककेसमधला दाब आधी मोजा, तो का वाढलाय ते शोधा आणि मग पान्याला हात घाला.

आता हा दाब येतो कुठून? पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. इंजिन नवीन असलं तरी. इंग्रजीत याला ब्लो-बाय म्हणतात, आपले मेकॅनिक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. या वायूत अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्ल असतं, आणि क्रँककेसमधून जाताना तो तेलाचा तुषारही सोबत घेतो. पूर्वी एक पाइप लावून ही सगळी घाण सरळ रस्त्यावर सोडून देत. 1961 मध्ये कॅलिफोर्नियाने मोटारींसाठी पहिली प्रदूषण-नियंत्रण व्यवस्था सक्तीची केली, ती याच वायूसाठी. तो बाहेर न सोडता इनटेकमध्ये ओढून पुन्हा जाळायचा. हेच पीसीव्ही.

साध्या इंजिनात हे सोपं आहे. इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तो वायू ओढून घेतो. टर्बोने मात्र गोची करून ठेवली आहे. बूस्ट आला की त्याच मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा जास्त दाब तयार होतो. म्हणजे मघाशी ओढणारा आता ढकलायला लागतो! म्हणून टर्बो इंजिनात दोन वाटा ठेवलेल्या असतात. आयडलला आणि हळू चालवताना मॅनिफोल्डची वाट. बूस्टमध्ये ती वाट एकतर्फी व्हॉल्व्ह बंद करतो आणि वायू दुसऱ्या पाइपने टर्बोच्या तोंडाशी जातो, जिथे कॉम्प्रेसर हवा ओढत असतो. नेमका बूस्टमध्येच सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून ब्लो-बायही जास्त. म्हणजे सगळ्यात जास्त काम या दुसऱ्या वाटेवर पडतं. तो एकतर्फी व्हॉल्व्ह फाटला तर बूस्टची हवा थेट क्रँककेसमध्ये घुसते. दुसरा पाइप चिकट्याने तुंबला तर वायूला जायला जागाच उरत नाही.

"थोडासा दाब वाढला तर काय बिघडतं?" असं कुणी विचारेल. हिशोब करू. 50 मिलिबार म्हणजे वातावरणाच्या दाबाचा विसावा हिस्सा. 50 सेंटिमीटर बाय 20 सेंटिमीटरच्या व्हॉल्व्ह कव्हरवर एवढा दाब आतून सुमारे 50 किलोचा जोर लावतो. गॅस्केट आणि ऑइल सील तेल आत ठेवण्यासाठी बनवलेले असतात, असल्या कुस्तीसाठी नव्हे.

खरा घोटाळा टर्बोपाशी होतो. टर्बोच्या बेअरिंगला तेल पंपाने येतं, पण परत खाली चेंबरमध्ये जातं ते निव्वळ गुरुत्वाकर्षणाने. खाली दाब साचला की तेल उतरत नाही, तिथेच तुंबतं आणि टर्बोच्या दोन्ही टोकांकडून बाहेर पडतं. इंटरकूलरच्या पाइपात तेल, सायलेन्सरमधून निळा धूर. निदान ठरलेलं: टर्बो गेला. आमच्या ऑफिसातल्या एकाने असाच टर्बो बदलून घेतला, बिल लाखाच्या घरात. दोन महिन्यांत नवा टर्बोही धूर ओकायला लागला. शेवटी तुंबलेला ब्रीदर पाइप सापडला. टर्बो बिचारा दोन्ही वेळा निर्दोष होता.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर स्वीडनच्या साबकडे बघा. 1970 च्या दशकाच्या अखेरीस 99 टर्बो आणून ज्यांनी टर्बो रोजच्या वापरातल्या गाडीत रुजवला, त्यांना टर्बोतलं कळत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी त्यांच्या 1990 च्या दशकाच्या शेवटी आलेल्या 9-5 आणि 9-3 च्या टर्बो इंजिनांत काळा गाळ साचायला लागला. गाळाने ऑइल पंपाची जाळी तुंबली की तेलाचा दाब पडे आणि इंजिन बसे. कारणं एकापेक्षा जास्त होती, पण क्रँककेस व्हेंटिलेशन हे त्यातलं एक मोठं. साबला ती जोडणी पुन्हा पुन्हा बदलावी लागली. (2011 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, ते वेगळ्या कारणांनी.) एवढ्या मोठ्या कंपनीला जे एका फटक्यात जमलं नाही, ते बाजारातला एक चकचकीत डबा परस्पर सोडवेल?

आता त्या डब्याबद्दल. कॅच कॅन दाब कमी करत नाही. तो वायूबरोबर आलेलं तेल गाळून ठेवतो, बस्स. बारीक पाइप आणि आत ठासून भरलेली जाळी असली तर उलट अडथळा वाढतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळावं. एरर येतेय म्हणून रिकामा कॅच ब्लॉक टाकायचा आणि लॉग स्वच्छ झाला म्हणून खूश व्हायचं, त्यातलाच हा प्रकार. नावसुद्धा तेच आहे :-)

काही जण ब्रीदर सरळ हवेत सोडतात. दाब जरा उतरतोही. पण कॉम्प्रेसरची ओढ गेल्यामुळे वाफ आणि आम्ल आत रेंगाळतात, केबिनमध्ये वास येतो, आणि आपल्याकडच्या नियमांनुसार पेट्रोल गाडीतून क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला परवानगीच नाही. जी घाण रस्त्यावर सोडणं जगाने साठ वर्षांपूर्वी बंद केलं, ती आपण हौसेने पुन्हा सोडायची, हे मला तरी पटत नाही.

मग करायचं काय? व्होल्वोच्या जुन्या टर्बो गाड्यांचे मालक एक फुकट चाचणी करतात. इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण काढायचं आणि तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवायचा. मोजा आत ओढला गेला तर ठीक, फुगून हात हलवायला लागला तर वाट तुंबली आहे. पण ही चाचणी फक्त आयडलची झाली. बूस्टमधलं कळायला डिपस्टिकच्या नळीला प्रेशर सेन्सर जोडून गाडी चालवत आकडे नोंदवावे लागतात. आयडलला ठीक पण बूस्टमध्ये चढतोय, तर एकतर्फी व्हॉल्व्ह आणि टर्बोकडचा पाइप आधी बघा. आयडललाही चढलेला असेल तर मॅनिफोल्डकडची वाट. दोन्ही वाटा मोकळ्या करूनही दाब हटत नसेल, तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट करून घ्या. सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर ऑइलच्या झाकणातून फुसफुस ऐकू आली तर रिंगांचं काम निघालं. ही बातमी वाईट, पण खरी.

कॅच कॅनला माझा सरसकट विरोध नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे तेलाची काजळी धुतली जात नाही. तिथे नीट मापाचे पाइप लावलेला आणि वेळच्या वेळी रिकामा केलेला कॅन उपयोगी पडू शकतो. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांनाही. फक्त दाब ठीक आहे याची खात्री झाल्यावर.

आपल्याकडे आता एक लिटरच्या आसपासची टर्बो पेट्रोल इंजिनं गल्लोगल्ली दिसतात. त्यातली बरीचशी अजून वॉरंटीत आहेत. ती संपल्यावर "टर्बो गेला" हे वाक्य बऱ्याच जणांच्या कानावर पडणार आहे. तेव्हा फोरमनला एकच प्रश्न विचारा: "क्रँककेसचं प्रेशर किती आलं?" आकडा सांगितला तर पुढचं बोला. नुसता हात झटकला, तर गाडीची चावी परत मागून घ्या.