शब्द एक, अर्थ अनेक

धर्मनिरपेक्षता हा शब्द व्यासपीठावरून जितक्या सहजतेने उच्चारला जातो, तितक्या सहजतेने त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. ‘अमुक देशात असे चालते, मग आपल्याकडे का नाही?’ असे विचारून प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याची प्रथाच पडली आहे. या प्रश्नामागील गृहीत आम्हांस मान्य नाही. प्रत्येक राष्ट्राने हा शब्द आपल्या संघर्षातून घडविला आहे.

फ्रान्समध्ये राज्यसत्तेचा झगडा होता बलाढ्य कॅथलिक चर्चशी. म्हणून १९०५ च्या कायद्याने शासन व चर्च विभक्त झाले. २००४ मध्ये सरकारी शाळांतून विद्यार्थ्यांच्या ठळक धर्मचिन्हांनाही बंदी झाली. परंतु आल्सास व मोझेल हा सरहद्दीचा मुलूख १९०५ साली जर्मनीकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सला परत मिळाला, तेव्हा तेथील जुनी व्यवस्था कायम राहिली. तेथील पाद्री आणि रब्बी आजही सरकारी वेतन घेतात. एकाच प्रजासत्ताकात दोन रीती!

तुर्कस्तानची तऱ्हा याहून निराळी. १९२४ मध्ये खिलाफत रद्द झाली आणि त्याच दिवशी शासनाचे धर्मखाते स्थापन झाले. मशिदीतील इमाम सरकारी नोकर झाले. तेथे धर्म शासनापासून वेगळा झाला नाही, तर शासनाच्या अंमलाखाली आला. आणि अलेवी पंथीयांना या खात्याची सेवा नाकारल्याबद्दल २०१६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तुर्कस्तानला दोषी ठरविले.

भारताचा संघर्ष केवळ धर्मसत्तेशी नव्हता. तो धर्माच्या नावाने माणसाला दारात अडविणाऱ्या रूढीशीही होता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले, हे महाराष्ट्राला विसरता येणार नाही. म्हणूनच आपल्या संविधानाचे पंचविसावे कलम श्रद्धेचे स्वातंत्र्य देते आणि हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकारही राज्याला देते. उद्देशिकेत हा शब्द १९७६ मध्ये आला. त्यातील आशय १९५० पासूनच होता.

तेव्हा परक्या मापाने आपले अंग मोजू नये. मात्र अर्थ अनेक म्हणून कोणताही अर्थ चालेल, असेही नव्हे. ज्याच्या धर्माची चार घरेच गावात आहेत, तो कचेरीत, शाळेत आणि न्यायालयात ताठ मानेने उभा राहू शकतो काय? आमच्या मते कसोटी एवढीच, आणि ती सर्व देशांना सारखीच लागू आहे. आपणही तिच्यातून सुटलेलो नाही.