चार वर्षांचा खंड आणि पालिकांपुढील हिशेब

मानवत : पालिकेची निवडणूक म्हणजे नळ, नाली आणि रस्त्यांची निवडणूक, असे म्हटले जाते. मात्र कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या मानवतसारख्या लहान शहरांत यावेळी त्याहून मोठा प्रश्न होता. लोकप्रतिनिधीच नसतील, तर नागरिकांनी गाऱ्हाणे मांडायचे कोणापुढे?

२०१६च्या अखेरीस निवडून आलेल्या पालिकांची मुदत संपल्यानंतर सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील बदल यांमुळे निवडणुका लांबत गेल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचे आदेश दिले. राज्यातील बहुतांश पालिकांसाठी २ डिसेंबरला मतदान झाले. काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेल्याने मतमोजणी सर्वत्र २१ डिसेंबरला झाली.

निवडणुका लांबणे ही केवळ आपल्याकडचीच गोष्ट नाही. इंग्लंडमध्येही थुरॉकसह नऊ ठिकाणच्या मे २०२५च्या निवडणुका स्थानिक संस्थांच्या पुनर्रचनेसाठी वर्षभर पुढे ढकलण्यात आल्या. तेथे मात्र सदस्यांची मुदत वाढविण्यात आली. आपल्या राज्यघटनेनुसार पालिकेची मुदत पाच वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक आहे. यातील पहिला भाग कटाक्षाने पाळला गेला, तर दुसऱ्याचा विसर पडला. परिणामी अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच असेल, तर जाब विचारणारे सभागृह उरत नाही.

आता सभागृहे परतली असली, तरी एक पेच कायम आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१६मध्ये आली, २०२०मध्ये रद्द झाली आणि २०२२मध्ये पुन्हा लागू झाली. या पद्धतीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे चित्र उद्भवू शकते. तसे झाल्यास विकासकामांचे ठराव राजकीय कुरघोडीत अडकण्याचा धोका असतो.

त्यामुळे मतदारांनी केवळ कोण जिंकले यावर समाधान मानून चालणार नाही. प्रशासकांच्या काळात कोणती कामे मंजूर झाली, किती निधी खर्च झाला आणि किती कामे अर्धवट राहिली, याचा हिशेब नव्या सभागृहांनी नागरिकांपुढे ठेवला पाहिजे. चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मतदारांची ही अपेक्षा निश्चितच अवाजवी नाही.