दुःखानें धीर येतो काय?

दुःखानें मनुष्य शहाणा होतो, दुःखानें तो धीराचा होतो, असें आपण उपदेशांत ऐकतों आणि सांत्वनाच्या पत्रांत वाचतों. कोणाच्या घरीं मृत्यु झाला, कोणी परीक्षेंत नापास झाला, किंवा कोणाची नोकरी सुटली, कीं समाचाराला येणारी मंडळी हेंच वाक्य थोड्याबहुत फरकानें उच्चारितात. ख्रिस्ती मंडळींत तर त्याला शास्त्राधारहि मिळतो. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत क्लेश, धीर, कसोटीला उतरलेलें शील आणि आशा अशा एकीपुढें एक पायऱ्या सांगितल्या आहेत. शास्त्राविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्या वचनाचा जो सोपा अर्थ आपण करून घेतों, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास असें आढळेल कीं, दुःख भोगलेलीं सर्वच माणसें धीराचीं होत नाहींत. एकाच दुष्काळांत एक कुटुंब आपल्या अर्ध्या भाकरींतला घास शेजारच्या पोराला देतें, आणि दुसरें कुटुंब दार लावून जेवतें. एकाच दुखण्यानें एक रोगी कोमल होतो, दुसरा किरकिरा होतो. एक विधवा आपलें दुःख गिळून दुसरीचे डोळे पुसते. दुसरी तेंच दुःख आपल्या सुनेला व्याजासह परत करते. आढी एक, ऊब एक. परंतु एक आंबा पिकतो आणि दुसरा नासतो. मग सारें श्रेय उबेलाच कसें द्यावें? आमचें म्हणणें एवढेंच कीं, दुःख धीराला प्रसंग देतें. धीर देत नाहीं. तो दुसरीकडून यावा लागतो. तो कोठून येतो हें न सांगतां दुःखिताला केवळ "धीर धर" म्हणणें म्हणजे उपाशी माणसाला जेवणाची वेळ झाली असें सांगण्यासारखें आहे.

आधीं धीर म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळ वेळां आपण निरुपायालाच धीर म्हणतों. ज्याचें कांहीं चालत नाहीं तो गप्प बसतो, आणि आपण त्याची वाखाणणी करितों. कधीं आपण कोडगेपणाला धीर म्हणतों. ज्याला मार खाण्याची संवय झाली, त्याला मार लागत नाहीं. पण तो धीर नव्हे, तें मनाला पडलेलें घट्टें होय. पौलानें जो ग्रीक शब्द योजिला आहे, तो 'हुपोमोने' होय. 'खालीं' आणि 'राहणें' अशा दोन अर्थांच्या शब्दांपासून तो झाला आहे. ओझ्याखालीं टिकून राहणें, हा त्याचा मूळ भाव. त्यांत ओझें नाकारणें नाहीं, तें गोड मानणेंहि नाहीं. ओझें जड आहे हें पुरतें ठाऊक असतां जागा न सोडणें, हा खरा धीर.

असा धीर धरणारा मुकाच असतो, असें मात्र समजूं नये. याकोबाच्या पत्रांत धीराचें उदाहरण म्हणून ईयोबाचें नांव येतें. परंतु ईयोबाचा ग्रंथ ज्यांनीं समग्र वाचला आहे, त्यांना ठाऊक आहे कीं, पहिले दोन अध्याय संपतांच तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देऊं लागतो. पुढें कित्येक अध्याय तो देवाशीं वाद घालतो, त्याला जाब विचारतो. त्याचे मित्र मोठ्या शांतपणें त्याला बोध करितात कीं, तुझें दुःख हें तुझ्याच पापाचें फळ होय. ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत देवाचा कोप होतो तो या समजूतदार मित्रांवर. ईयोब माझ्याविषयीं यथार्थ बोलला, असाच निर्णय मिळतो. ईयोबानें सर्व कांहीं बोलून दाखविलें, परंतु देवाशीं बोलणें सोडलें नाहीं. हाच त्याचा धीर. प्रभु येशूनेंहि गेथशेमाने बागेंत दुःखाचा पेला टळावा अशी प्रार्थना केली. जें मागणें प्रभूला उणेपणाचें वाटलें नाहीं, तें आपल्या तोंडून निघालें तर आपली श्रद्धा कमी पडली, असें कोणीं कां म्हणावें?

हें सर्व पुस्तकी वाटूं नये म्हणून आपल्याच प्रांतांतील एका जीवनाकडे वळूं. पंडिता रमाबाईंचें नांव आपल्या वाचकांस नवें नाहीं. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविलें आणि त्यापायीं स्वजनांचा रोष सोसला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत हें कुटुंब सांपडलें. झाडाचा पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले, मागोमाग आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. बहीण-भाऊ दोघेंच उरलीं आणि देशभर पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. १८८० सालीं भाऊहि निवर्तला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं रमाबाईंचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीचाहि मृत्यु झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षीं, कडेवर तान्ही मनोरमा घेऊन, त्या या जगांत उभ्या होत्या.

या काळांत त्या ख्रिस्ती नव्हत्या, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडांत १८८३ सालीं झाला. म्हणजे धीराचा पहिला पाठ त्यांनीं आपल्या पुराणिक पित्याच्या व मातेच्या पायांशीं घेतला होता. धीर हा कोणा एका धर्माच्या लोकांनींच राखून ठेवलेला ठेवा नव्हे. आपल्या शाळेंतील ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं ख्रिस्ती प्रार्थना होत नाहीं, त्यांनींहि आपल्या आजीच्या चेहऱ्यावर तो पाहिला असेल. ख्रिस्ती विश्वासानें त्यांत काय भर घातली, एवढाच आमचा प्रश्न आहे. आमच्या मतें त्या विश्वासानें त्यांच्या धीराला दिशा दिली.

१८९६-९७ सालीं मध्य प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. त्या बातम्या ऐकून रमाबाईंना आपल्या पंधराव्या-सोळाव्या वर्षींचा दुष्काळ आठवला नसेल काय? भोगलेल्या दुःखाची आठवण चाळवली असतां मनुष्य बहुधा तोंड फिरवितो. रमाबाई तिकडेच गेल्या. अनाथ मुली व तरुण विधवा सुमारें तीनशें त्यांनीं तेथून आणल्या. केडगांव येथें त्यांच्यासाठीं वस्ती उभी राहिली. तीच मुक्ति मिशन. दळणकांडण, विणकाम, शेती, वाचन-लेखन असें सर्व कांहीं तेथें शिकविलें जाई. जो दुष्काळ त्यांच्या आईबापांना घेऊन गेला, त्याच दुष्काळाच्या ज्ञानानें त्या दुसऱ्यांच्या मुली ओळखूं शकल्या. दुःखाचा धीर होतो तो असा! तें आपल्याच भोंवतीं घिरट्या घालीत राहिलें तर कुजतें; दुसऱ्याच्या दाराशीं गेलें तर त्याचें बळ होतें.

आणि हा धीर मुका नव्हता. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा कहर चालला असतां सरकारी इस्पितळांत स्त्रियांची जी व्यवस्था ठेविली जात होती, तिच्याविरुद्ध बाईंनीं वर्तमानपत्रांतून उघड तक्रार केली. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, म्हणून त्यांनीं तोंड आवरलें नाहीं. आपल्यावरील संकट सोसणें आणि दुसऱ्यावरील अन्याय सोसून घेणें, या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

त्यांच्या धीराची सर्वांत लांबलेली कसोटी मात्र दुष्काळांत नव्हे, तर लिहिण्याच्या मेजापाशीं झाली. खेड्यांतील साध्या बायकांना समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्र आणावें, हा त्यांचा संकल्प. त्यासाठीं उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक भाषांच्या अभ्यासाला बसल्या. कानांनीं त्यांना कमी ऐकूं येत असे. छापखाना केडगांवचाच, आणि खिळे जुळविणाऱ्या हातहि मुक्तींतल्या मुलींचेच. नवा करार १९१३ सालीं निघाला. जुन्या कराराचें काम पुढें चालूं राहिलें. १९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या. जिच्यावर पुढील सर्व भार सोंपवावयाचा, ती एकुलती एक मुलगी आईच्या आधीं गेली. रमाबाईंनीं भाषांतराचें काम बंद केलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. तो छापून बांधलेला त्यांनीं पाहिला नाहीं.

यावरून धीर कोठून येतो, याचें उत्तर आम्हांस असें दिसतें. पहिली गोष्ट, त्यांच्या हातांत रोजचें काम होतें, आणि तें काम आपल्याहून दुबळ्यांसाठीं होतें. दुसरी गोष्ट, त्यांनीं आपलें दुःख देवापासून लपविलें नाहीं आणि अन्याय माणसांपासून लपविला नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ख्रिस्ती मनुष्य ज्याची वाट पाहतो, तो त्याच्या ओळखीचा असतो. वधस्तंभ याचा अर्थच असा कीं, देव दूर उभा राहून ओझें किती जड आहे हें पाहत नाहीं. तो स्वतः त्या ओझ्याखालीं आला. रात्रीं अनोळखी गांवीं अडकलेला प्रवासी आणि आई येईपर्यंत दाराशीं बसलेलें मूल, दोघेंहि वाट पाहतात. परंतु दोघांच्या वाट पाहण्यांत किती अंतर! एकाला वेळ मोजावी लागते, दुसऱ्याला माणसाचा भरंवसा असतो. हा भरंवसा दुःखाच्या पोटीं जन्मत नाहीं. तो आधींपासून मनांत असला, तर दुःखांत वाढतो.

आतां एक कडू गोष्ट बोलणें प्राप्त आहे. दुःख हें हितकर आहे, हा उपदेश बहुधा सुखी माणसेंच करीत असतात. मालक मजुराला धीराचा उपदेश करितो, सासू सुनेला करिते, धष्टपुष्ट मनुष्य रोग्याला करितो. हें धर्माचें नांव घेऊन केलेलें अधर्माचें काम होय. रमाबाईंनीं उपाशी मुलींना धीराचें प्रवचन दिलें नाहीं; त्यांनीं त्यांना घरीं आणलें, न्हाऊं घातलें, जेवूं घातलें. आपली मराठी भाषा या बाबतींत आपल्याहून शहाणी आहे. आपण 'धीर धरणें' म्हणतों आणि 'धीर देणें' म्हणतों. 'धीर सांगणें' असा प्रयोग तिच्यांत नाहीं. धीर स्वतः धरावयाचा असतो आणि दुसऱ्याला द्यावयाचा असतो. तो देतांना हातानें द्यावा लागतो. शेजारीं बसून द्यावा लागतो. नुसत्या तोंडानें तो दिला जात नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वयाचें दुःख लहान असतें असें मोठीं माणसें समजतात. आम्ही तसें समजत नाहीं. वर्गांतील सारे सोबती पुढच्या इयत्तेंत गेले आणि आपण मागें राहिलों, ही लाज लहान नव्हे. घरीं आई अंथरुणाला खिळली असतां पाटी-पुस्तक घेऊन बसणें सोपें नव्हे. असा प्रसंग येईल तेव्हां तो आनंदाचा आहे असें सोंग करूं नका. देवाजवळ मोकळेपणानें बोला. तो ईयोबाचें बोलणें ऐकून रागावला नाहीं, तुमच्याहि बोलण्यानें रागावणार नाहीं. दिवसाचें नेमलेलें काम सोडूं नका, मग तें एका धड्याचें कां असेना. आणि त्याच दिवशीं आपल्याहून अधिक दुःखी असा एखादा सोबती शोधा व त्याच्या शेजारीं जाऊन बसा. त्याला उपदेश करूं नका. डबा अर्धा करा, चुकलेलें गणित समजावून द्या.

रमाबाईंना जाऊन शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. केडगांवची मुक्ति मिशन आजहि उभी आहे. दुष्काळानें आईबाप नेले तेव्हां त्या सोळा वर्षांच्या मुलीला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. तिला फक्त पुढचें पाऊल दिसत होतें, आणि तें तिनें टाकलें. तेवढें पाऊल टाकण्याचें बळ आपणां सर्वांस प्रभूनें द्यावें, आणि आपल्या शेजाऱ्याचें पाऊल अडखळेल तेव्हां हात पुढें करण्याची बुद्धिहि द्यावी.