भिंगाखालचा ठिपका



यवतमाळात आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर मुलांचा वर्ग भरतो. परवा भिंगाने ऊन गोळा करण्याचा खेळ चालला होता. पांढरा कापूस लवकर पेटत नाही, म्हणून पऱ्हाटीचे वाळलेले पान घेतले. भिंग सरळ धरले की बारीक ठिपका पडून धूर निघे; तिरपे झाले की ठिपका पसरे आणि पान नुसते कोमट होई. दहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, ऊन तेवढंच, मग जोर गेला कुठं?" आम्ही पडलो बी.कॉम.; गप्प बसलो. घरी येऊन वाचले, तर मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झुंजताहेत!

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 150 टेरावॅटचा लेसर आहे. त्याच्या एका झोतातील ऊर्जेने कपभर चहा एक अंशही तापणार नाही. जमाखर्चाच्या भाषेत रक्कम लहान. पण एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले, तर त्यातल्या काही दहा भागांतच ती खर्च होते, आणि तीही केसाहून बारीक ठिपक्यावर. ठिपका दुप्पट रुंद झाला की तीव्रता चौथाईवर आली.

आरसे-स्फटिक तापले, किंचित उंचसखल असले, की प्रकाशाच्या लाटेला सुरकुत्या पडतात आणि ठिपका बिघडतो. उपाय गमतीचा आहे. सुरकुत्या मोजायच्या आणि लवचिक आरसा मागच्या बारीक दट्ट्यांनी असा वाकवायचा, की त्या पुसल्या जाव्यात. कधी बारीक टोक नको, सारखी उजळलेली चकती हवी असते. तीही घडवता येते.

असे झोत शक्य करणारी युक्ती 1985 साली डोना स्ट्रिकलंड या विद्यार्थिनीने आपले गुरू जेरार मुरू यांच्यासह मांडली. तो तिचा पहिलाच शोधनिबंध. 2018 साली दोघांना नोबेल मिळाले.

आमच्या त्या मुलीचे वडील हमाली करतात. सायन्सचा खर्च झेपणार नाही, आर्ट्सला घालू, म्हणतात. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. शिकवणीचे आकडे आम्हीही ऐकले आहेत. पण कुलाब्याच्या त्या संस्थेत पीएच.डी. करणाऱ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. येत्या रविवारी वर्ग आटोपला की भिंग घेऊन आम्ही त्यांच्याच घरी जाणार आहोत.